महाविद्यालयाच्या संघासाठी खेळाडू शोधताना: सोलापुरातील प्रशिक्षणार्थ्यांसाठी मार्गदर्शन

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या जिमखाना विभागात ऑगस्टपासून पुढच्या वर्षीचे प्रवेश संपेपर्यंत प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. शालेय आणि कनिष्ठ महाविद्यालयीन स्पर्धा पाहायच्या, चांगल्या खेळाडूंच्या नोंदी ठेवायच्या आणि बारावीनंतर त्यांनी आमच्याकडे प्रवेश घ्यावा यासाठी क्रीडा संचालकांना मदत करायची, असे ते काम होते. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला जागा मिळाल्यामुळे यापुढे अनेक मुलेमुली या कामाला येतील, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. प्रशिक्षणार्थ्याला निवडीचा अधिकार नसतो; मात्र खेळाडूच्या घरी महाविद्यालयाचा पहिला शब्द बहुतेक वेळा त्याच्याच तोंडून पोहोचतो. त्यामुळे नोंद नेमकी ठेवणे आणि शब्द जपून देणे ही त्याची खरी जबाबदारी आहे, असे माझे मत या कामातून पक्के झाले.

वर्ष कसे आखावे

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि त्यांत 14, 17 व 19 वर्षांखालील असे गट असतात. महाविद्यालयाचे लक्ष साहजिकच 19 वर्षांखालील गटाकडे असते, परंतु 17 वर्षांखालील गटातील नावेही वहीत घ्यावीत, कारण दोन वर्षांनी तीच मुले प्रवेशाच्या वयात येतात आणि तेव्हा तुमच्याकडे त्यांच्या दोन हंगामांच्या नोंदी असतात. स्पर्धांच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून घ्याव्यात. त्या पावसामुळे, परीक्षेमुळे किंवा मैदान न मिळाल्यामुळे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी संयोजक शाळेच्या क्रीडाशिक्षकांना दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. मी एकदा ही खात्री न करता करमाळ्याला गेलो आणि रिकामे मैदान पाहून परत आलो.

आपल्या जिल्ह्याचे स्वतःचे पंचांग आहे आणि ते विसरून चाचणी ठेवली तर चांगले खेळाडू येत नाहीत. आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात एसटीच्या गाड्या मोठ्या संख्येने पंढरपूरकडे वळवलेल्या असतात, तेव्हा माळशिरस किंवा सांगोल्याच्या मुलाला सकाळी सात वाजता सोलापुरात बोलावणे म्हणजे त्याला न बोलावण्यासारखेच आहे. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, म्हणून चाचणी पहाटे सहाला सुरू करून नऊच्या आत संपवावी आणि पाण्याची सोय आधी पाहावी. ज्या घरांतील माणसे ऊसतोडीला जातात त्यांच्याकडे दिवाळीपूर्वीच जाऊन यावे. नंतर घरी आजी-आजोबाच भेटतात आणि निर्णय घेणारे आईवडील कारखान्याच्या फडावर असतात.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 साली स्थापन झाले आणि ते एका जिल्ह्यापुरतेच आहे. त्याआधी आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, विद्यापीठाच्या संघात जागा मिळवण्यासाठी त्याला याच जिल्ह्यातील महाविद्यालयांशी स्पर्धा करायची असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो आणि तिथून अखिल भारतीय पातळीवर व पुढे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेपर्यंत वाट जाते. ही वाट पालकांना कागदावर आखून दाखवावी. मोठ्या शहरातील नावाजलेल्या महाविद्यालयात तीन वर्षे राखीव म्हणून बसणारा मुलगा इथे पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या चाचणीपर्यंत जाऊ शकतो, ही बाब खरी आहे आणि ती सांगण्यात काहीही अतिशयोक्ती नाही.

मैदानावर काय पाहावे

आपल्या जिल्ह्यात खो-खो रुजलेला आहे. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघातील रामजी कश्यप हा माळशिरस तालुक्यातील वेळापूरचा. त्यामुळे खो-खोच्या मैदानावर तुमच्याआधी इतर महाविद्यालयांची माणसे बसलेली असतात आणि सर्वांच्या वहीत एकच आकडा असतो, तो म्हणजे पळतीची वेळ, म्हणजे खेळाडू बाद न होता किती वेळ पळत राहिला. हा आकडा लिहावाच, पण त्यावर थांबू नये.

एका तालुका स्पर्धेत मी एका मुलीचे नाव सुरुवातीला लिहिलेच नव्हते, कारण ती दोन्ही डावांत मिनिटभराच्या आत बाद झाली होती. माझ्याशेजारी एक निवृत्त क्रीडाशिक्षक बसले होते. ते म्हणाले, "बाळ, पळती पाहिलीस, आता तिला बसलेली बघ." पुढचे आक्रमण मी फक्त तिच्याकडे पाहत काढले. चौकोनात बसताना तिची मागची टाच उचललेली असायची, हात जमिनीला टेकलेले असायचे आणि नजर पळणाऱ्या खेळाडूच्या पायांवर असायची. पाठीवर हात पडून "खो" कानावर येईपर्यंत ती जागची हलत नसे, त्यामुळे लवकर उठल्याचा नियमभंग तिच्याकडून एकदाही झाला नाही. आणि उठल्यावर पहिले पाऊल योग्य दिशेलाच पडत असे, कारण एकदा खांदा वळवून दिशा घेतली की ती बदलता येत नाही, याचे भान तिच्या अंगात मुरलेले होते. खांबाजवळ तिने दोन गडी टिपले, पण त्याहून अधिक वेळा तिने स्वतः सूर मारण्याचा मोह टाळून शेजारच्या मुलीला खो दिला आणि गडी त्या मुलीच्या नावावर लागला. गुणपत्रकात हे दिसत नाही. त्या दिवसापासून मी वहीत प्रत्येक खेळाडूसाठी दोन बाजू ठेवल्या: एकीकडे गुणपत्रकातील आकडे, दुसरीकडे गुणपत्रकात न येणाऱ्या गोष्टी. दुसऱ्या बाजूला विशेषणे लिहू नयेत. "चपळ आहे" असे लिहिले तर तीन महिन्यांनी त्यातून काहीच आठवत नाही. "डावीकडून खांब फिरताना हात खांबाला लागतो, उजवीकडून फिरणे टाळते" असे लिहिले तर प्रशिक्षकांना पहिल्या दिवसापासून काय करायचे ते कळते.

धावण्याच्या शर्यतींत वेगळी काळजी लागते. शाळांच्या स्पर्धांत वेळ बहुधा हाताने, स्टॉपवॉचवर घेतलेली असते आणि अंगठ्याच्या उशिरामुळे ती प्रत्यक्षाहून कमी भरते. हाताने घेतलेली वेळ वरच्या दशांशापर्यंत नेऊन लिहायची असते, म्हणजे घड्याळात 11.13 आले तर नोंद 11.2 अशी होते. आणि ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहायची असेल तर 100 व 200 मीटरसाठी तीत 0.24 सेकंद आणि 400 मीटरसाठी 0.14 सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. हा हिशेब न करता दोन गावांच्या दोन मुलांची तुलना केली की अन्याय होतो. अंतराचीही खात्री करावी. एका शाळेत 100 मीटरची वेळ ऐकून मी चकित झालो होतो, पण पिशवीतील टेप काढून मोजले तेव्हा चुन्याची ती पट्टी 96 मीटरची भरली. त्यात शिक्षकांचा काहीही कपटाचा हेतू नव्हता. मैदानच तेवढे होते. लांब उडीत उठावरेषेच्या, म्हणजे उडी घेण्याच्या रेषेच्या, सर्वांत जवळच्या वाळूतील खुणेपासून रेषेला काटकोनात मोजतात, आणि टाचेपासूनच मोजले गेले का, हात मागे टेकला होता का, हे स्वतः पाहिल्याशिवाय आकडा वहीत घेऊ नये.

कबड्डीत वजनाचा प्रश्न येतो. वरिष्ठ राष्ट्रीय गटात पुरुषांसाठी 85 किलोची आणि महिलांसाठी 75 किलोची मर्यादा आहे, तेव्हा सतराव्या वर्षीच मर्यादेजवळ आलेल्या कोपरारक्षकाचे पुढे काय होईल याचा विचार प्रशिक्षकांनी करावा म्हणून वजन आणि उंची दोन्ही लिहावीत.

वय आणि वाढ यांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण माझ्या सर्वाधिक चुका इथे झाल्या. एकाच गटातील दोन मुलांच्या जन्मतारखांमध्ये जवळजवळ दोन वर्षांचे अंतर असू शकते, आणि एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांचीही शारीरिक वाढ सारखी झालेली नसते. ज्याला लवकर मिशा फुटल्या तो सतराव्या वर्षी सर्वांना ढकलून पुढे जातो, आणि विसाव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला आले की त्याच्याकडे वेगळे असे काही उरत नाही. म्हणून जन्मतारीख नेहमी लिहावी, मागील दोन वर्षांत उंची किती वाढली ते क्रीडाशिक्षकांना विचारावे, आणि अंगाने लहान असूनही मोठ्यांमध्ये टिकून राहणाऱ्या मुलाच्या नावापुढे खूण करावी.

त्याचप्रमाणे खेळाडूला एकाच खेळाच्या चौकटीत बसवण्याची घाई करू नये. माळशिरस तालुक्यातील मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेक आणि गोळाफेक करणारी मैदानी खेळाडू होती. पुढे ती क्रिकेटकडे वळली, 2022 साली नागालँडकडून खेळताना वरिष्ठ महिलांच्या टी-ट्वेंटी स्पर्धेत तिने नाबाद 162 धावा केल्या आणि त्याच वर्षी भारतीय संघात पदार्पण केले. ज्या मुलीचा खांदा भाला फेकू शकतो तिला चेंडूही लांब मारता येतो, हे कुणीतरी वेळीच ओळखावे लागते. भाल्याच्या स्पर्धेला गेलात तरी ती मुलगी मोकळ्या वेळात मैदानाच्या कडेला काय खेळते, तेही पाहावे.

घरी जाताना

पहिली भेट खेळाडूशी घेऊ नये. आधी क्रीडाशिक्षकांना भेटावे, त्यांच्या परवानगीने आणि शक्यतो त्यांच्याबरोबर पालकांना भेटावे, आणि खेळाडूशी बोलणे पालकांसमोर करावे. बारावीतील बहुतेक मुले अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्या मोबाईलवर थेट संदेश पाठवणे, छायाचित्रे मागवणे, चाचणीला एकटे बोलावणे हे कोणत्याही हेतूने केले तरी गैर आहे. मुलींच्या बाबतीत जिमखान्यातील एखाद्या मॅडम सोबत असल्याशिवाय घरी जाऊच नये. खेळाडूची माहिती, म्हणजे जन्मतारीख, पत्ता, वैद्यकीय गोष्टी, पालकांच्या संमतीनेच घ्यावी. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि पालकांच्या संमतीची अट घातली आहे. माझी वही मी रोज संध्याकाळी जिमखान्याच्या कपाटात ठेवत असे, आणि त्यातील पानांची छायाचित्रे कुणालाही पाठवत नसे.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनसीएए या संस्थेने प्रशिक्षकांनी शाळकरी खेळाडूंशी कधीपासून संपर्क साधावा, कोणत्या काळात भेटू नये, याचे खेळनिहाय वेळापत्रकच घालून दिलेले आहे. तिथल्या पहिल्या श्रेणीत खेळायचे तर शाळेत ठरावीक 16 मुख्य विषय पूर्ण करून त्यांत किमान सरासरी मिळवावी लागते, आणि तिसऱ्या श्रेणीची महाविद्यालये तर खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. आपल्याकडे संपर्काचे असे वेळापत्रक नाही, म्हणून ते आपण स्वतःवर घालून घ्यावे. आमच्या संचालकांनी दोन नियम केले होते: दहावीच्या मुलांशी प्रवेशाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या कोणत्याही घरी जायचे नाही. परीक्षेच्या दिवसांत आलेला पाहुणा कितीही गोड बोलला तरी आईला नकोच असतो.

सोलापुरात भाषेची तयारीही लागते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या अनेक घरांत कन्नड बोलतात, तर शहराच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू. पूर्व भागातील एका घरी आम्ही गेलो तेव्हा कबड्डी खेळणाऱ्या मुलीची आई सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळत होती. आम्ही मराठीत विद्यापीठ, विभागीय स्पर्धा, प्रमाणपत्र असे बरेच बोललो. ती मान डोलावत राहिली आणि तिचे हात चालू राहिले. आमच्याबरोबरच्या तेलुगू जाणणाऱ्या विद्यार्थिनीने शेवटी विचारले, "अम्मा, तुमचे काय म्हणणे आहे?" तेव्हा तिने हात थांबवले आणि एकच प्रश्न केला की, सराव संध्याकाळी किती वाजता सुटतो आणि मुलीला घरापर्यंत कोण सोडते. अर्ध्या तासात या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिलेच नव्हते. तेव्हापासून मी कोणत्याही घरी गेल्यावर आधी सरावाची वेळ, येण्याजाण्याची सोय आणि खर्च या तीनच गोष्टी सांगतो आणि मग गप्प बसतो.

खर्चाच्या हिशेबात एसटीचा पास विशेष महत्त्वाचा आहे. खेड्यातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत असतो. पदवीला प्रवेश घेतला की तो मोफत पास संपतो आणि सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. बारावीपर्यंत ज्या घराला प्रवासाचा खर्च माहीतच नव्हता, त्या घराला हा नवा खर्च जूनमध्ये एकदम समोर आला की मुलगी सराव सोडते आणि कधीकधी शिक्षणही. म्हणून त्या गावापासूनच्या पासाची रक्कम आगारात विचारून आधीच पालकांना सांगावी, आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची वेळ सरावाच्या वेळेशी जुळते का ते पाहावे.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. मंगळवेढा तालुक्यातील एका खो-खोपटूच्या वडिलांनी मला विचारले की, वसतिगृहाची फी माफ होईल का. मला नियम नक्की माहीत नव्हता, आणि तरीही मी म्हणालो, "होईल काका, काळजी करू नका." माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून त्यांनी मुलीचा प्रवेश घेतला. महाविद्यालयाच्या नियमात फक्त शिक्षणशुल्काची सवलत होती, वसतिगृहाची नव्हती. दिवाळीनंतर दुसऱ्या हप्त्याची वेळ आली तेव्हा ती मुलगी गावी परत गेली. मी तिच्या वडिलांना भेटून माफी मागितली. ते रागावले नाहीत, "तुम्ही तरी काय करणार" एवढेच म्हणाले, आणि ते मला अजून सलते. त्यानंतर मी जिमखान्यात एक छापील कागद तयार करून घेतला, ज्यावर महाविद्यालय काय देते आणि काय देत नाही हे दोन रकान्यांत लिहिलेले असून खाली संचालकांची सही असते. कोणत्याही घरी हा कागद ठेवूनच उठावे. त्यावर नसलेल्या गोष्टीबद्दल विचारले तर "मी विचारून दोन दिवसांत कळवतो" असे सांगावे आणि उत्तर नकारार्थी असले तरी दोन दिवसांत कळवावे.

नोकरीबद्दलही असेच. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, हे सांगण्यास हरकत नाही. पण त्यासाठी कोणत्या स्पर्धेतील कोणती कामगिरी ग्राह्य धरली जाते याच्या अटी आहेत आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. "आमच्याकडे आलात की पोलिसात नोकरी पक्की" असे बोलणारी माणसे मी मैदानांवर पाहिली आहेत. तसे बोलू नये.

कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा वाटतो, तरी खेळाडूचे वर्ष याच्यावरच अवलंबून असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, आणि सर्व क्रीडा प्रमाणपत्रे यांवरील नाव अक्षरशः सारखे आहे का ते प्रवेशापूर्वीच तपासावे. आडनावातील एका वेलांटीमुळे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा पात्रता अर्ज अडकलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या मंडळातून किंवा कर्नाटकातून आलेल्या खेळाडूचे स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत मागवावे. मध्ये एखादे वर्ष शिक्षण खंडित झाले असेल तर ते लपवू नये. वयाच्या आणि बारावी उत्तीर्ण झाल्यापासूनच्या वर्षांच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचून संचालकांना दाखवाव्यात. जन्मतारखेबाबत शंका आली तर खेळाडूला न दुखावता शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद पाहण्याची विनंती मुख्याध्यापकांना करावी. वय चोरलेला खेळाडू संघात आला तर जिंकलेले सामने जातातच, आणि त्याच्यामुळे ज्याला वगळले त्या मुलाचा हंगामही परत येत नाही.

प्रवेश झाल्यावरचे पंधरा दिवस

प्रवेशपावती मिळाली की अनेकांना काम संपले असे वाटते. मी पहिले पंधरा दिवस रोज सकाळी मैदानावर जाऊन नव्या मुलांची हजेरी घेतली, आणि जो दोन दिवस दिसला नाही त्याच्या खोलीवर गेलो. कुणाला मेसचे जेवण पुरत नव्हते, कुणाचे बूट फाटले होते, एकाला तासिका आणि सराव एकाच वेळी येत होते आणि प्राध्यापकांना ते कसे सांगावे हे त्याला कळत नव्हते. यांपैकी जवळजवळ सर्व गोष्टी संचालकांच्या एका चिठ्ठीने सुटल्या.

वहीच्या शेवटच्या पानावर न आलेल्या खेळाडूंची नावे आणि न येण्याचे कारण लिहून ठेवावे. कारण स्वतः तर्काने लिहू नये, पालकांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे. माझ्या त्या पानावर एकोणीस नावे होती. त्यांपैकी दोघींची लग्ने ठरली होती, तिघे पुण्याला गेले होते, एकाने वडिलांच्या आजारपणामुळे शेती हातात घेतली होती, आणि सात नावांपुढे "संध्याकाळी गाडी नाही" एवढेच लिहिलेले होते. पुढच्या प्रशिक्षणार्थी मुलीला वही सोपवली तेव्हा आम्ही दोघे आधी बसस्थानकावर गेलो आणि त्या सात गावांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या. ती यादी क्रीडा संचालकांच्या टेबलावरील काचेखाली आहे, आणि सराव आता पाऊण तास आधी सुरू होतो.